लंडनला मुलांसह जाताना: आधी घर की आधी शाळा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचे चौघांचे कुटुंब जून-जुलै २०२६ मध्ये लंडनला चालले आहे. वडिलांची नोकरी कॅनरी व्हार्फला (पूर्व लंडनमधला कार्यालयांचा भाग), व्हिसा स्किल्ड वर्करचा. मुलीचा जन्म मार्च २०१६ चा, मुलाचा नोव्हेंबर २०२० चा. चांगली शाळा शोधून तिच्याजवळ घर घ्यायचे, की घर घेऊन मग शाळा बघायची? आणि भाग कुठला निवडावा?

सरळ उत्तर: आधी घर. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत जागा मिळते ती पत्त्यावर. देणगी, मुलाखत, ओळख यांपैकी काहीही चालत नाही. पुण्यातून ईमेल पाठवून जागा राखूनही ठेवता येत नाही. बऱ्याच कौन्सिल, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिका, मूल देशात पोहोचल्याशिवाय आणि भाडेकरार हातात आल्याशिवाय अर्जावर निर्णयच देत नाहीत. हॉटेलचा किंवा चार आठवड्यांच्या सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता सहसा धरला जात नाही. मात्र ‘आधी घर’ म्हणजे वाटेल ते घर नव्हे. घर निवडताना दोन गोष्टींची उत्तरे हवीत: आत्ता त्या परिसरात दोघांच्या वर्गांत रिकामी जागा आहे का, आणि सप्टेंबर २०२७ मध्ये मुलगी माध्यमिक शाळेत जाईल तेव्हा त्या पत्त्यावरून कुठली शाळा मिळू शकते. बहुतेक पालक पहिल्या प्रश्नातच अडकून पडतात. तुमच्या बाबतीत दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

आधी मुलांचे वर्ग नक्की करा, कारण इथेच पहिली चूक होते. इंग्लंडमध्ये मूल ३१ ऑगस्टला किती पूर्ण वर्षांचे आहे यावर वर्ग ठरतो. त्या वयातून ४ वजा करा, की इयर, म्हणजे तिथली इयत्ता, मिळते. चार पूर्ण असेल तर रिसेप्शन (इयर १ च्या आधीचा वर्ग), पाच असेल तर इयर १. मुलगी ३१ ऑगस्ट २०२६ ला दहा पूर्ण, म्हणून सप्टेंबरपासून इयर ६. मुलगा पाच पूर्ण, म्हणून इयर १. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण ही अट धरली, तर जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांचा तिथला इयर इथल्या इयत्तेपेक्षा एकाने जास्त येतो. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा तेवढाच राहतो. म्हणून मुलगी इथे पाचवीत आणि तिथे सहाव्यात, तर मुलगा इथेही पहिलीत आणि तिथेही इयर १ मध्ये. मुलीला ‘वरच्या वर्गात टाकले’ असे काही नसते. तिला एक वर्ष मागे ठेवण्याची विनंतीही करू नका. शाळा वयाप्रमाणेच वर्ग देतात, आणि मागे ठेवले तर पुढे माध्यमिकच्या प्रवेशात गुंता होतो.

इयर ६ हे प्राथमिकचे शेवटचे वर्ष. इयर ७ साठीच्या अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६, आणि निकाल १ मार्च २०२७ ला. म्हणजे विमानातून उतरल्यावर साधारण चार महिन्यांत तुम्हाला पुढच्या पाच ते सात वर्षांच्या शाळेचा अर्ज भरायचा आहे. त्या दिवशी तुम्ही ज्या घरात खरोखर राहत असाल, त्या घराच्या दारापासूनचे अंतर मोजले जाईल. ‘सध्या कुठेतरी राहू, वर्षभराने नीट घर बघू’ ही योजना दोन्ही मुले लहान असती तर चालली असती. तुमच्यासाठी ती महाग पडेल.

प्रवेशाचा क्रम बहुतेक शाळांत असा असतो. विशेष गरजांच्या ज्या मुलांच्या सरकारी आराखड्यात त्या शाळेचे नाव लिहिले आहे, ती सर्वांत आधी. मग सरकारी देखरेखीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुले. मग काही ठिकाणी वैद्यकीय किंवा सामाजिक कारणे, मग सख्खी भावंडे, आणि उरलेल्या जागा अंतरावर. अंतर बहुधा सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी चालण्याच्या रस्त्याने. प्रत्येक शाळेसाठी मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, तो आकडा कौन्सिल आपल्या प्रवेश पुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर देते. इंग्रजीत त्याला ‘लास्ट डिस्टन्स ऑफर्ड’ म्हणतात. घर शोधताना याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही. तो मैलांत असतो; अर्धा मैल म्हणजे सुमारे ८०० मीटर. तीन वर्षांचे आकडे काढा, त्यातला सर्वांत लहान घ्या, आणि तुमचे घर त्याच्याही बरेच आत बसते का ते पाहा. आकडे ०.९, ०.७, ०.८ असतील तर ०.७५ मैलांवरचे घर म्हणजे जुगार आहे, ०.५ चे ठीक. शाळेच्या एका बाजूला नवी इमारत उभी राहिली किंवा एखाद्या वर्षी भावंडे जास्त आली, की हे वर्तुळ आक्रसते.

धार्मिक शाळांचे वेगळे असते. कॅथलिक किंवा चर्च ऑफ इंग्लंडच्या अनेक शाळा जास्तीचा फॉर्म मागतात, त्यात बाप्तिस्मा किंवा प्रार्थनेला नियमित हजेरी याला आधी स्थान असते. घराला लागून अशी शाळा असेल तर ती आपली म्हणून धरू नका. तिचे नियम आधी वाचा. आणि हॅरोमध्ये घर बघताना हॅरो स्कूलचे नाव येईलच. ती मोठ्या फीची, फक्त मुलग्यांची निवासी शाळा आहे. तिथे राहण्याचा आणि तिचा काही संबंध नाही. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे खाजगीच. फीवर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅटही लागू झाला आहे. स्किल्ड वर्करच्या मुलांना सरकारी शाळा पूर्ण मोफत आहे. व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ असे लिहिलेले असते, पण त्या मदतीत शालेय शिक्षण धरलेले नाही; तेव्हा शाळेबद्दलची शंका मनातून काढून टाका.

आता भाग. कॅनरी व्हार्फ धरून तीन पर्याय खरोखर विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला, ज्युबिली लाइनचा उत्तर-पश्चिम पट्टा: वेम्बली पार्क, किंग्सबरी, क्वीन्सबरी, कॅनन्स पार्क, स्टॅनमोर. गाडी न बदलता थेट कॅनरी व्हार्फ, गाडीतला वेळ पाऊण तासाच्या आसपास. भारतीय किराणा, देवळे, शाकाहारी जेवण सगळे हाताशी. १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, म्हणजे याच लाइनवर आहे. गणपती-दिवाळीला आणि नव्या माणसाला चार गोष्टी विचारायला जागा जवळ. या पट्ट्यात फसवणारी गोष्ट म्हणजे कौन्सिलच्या हद्दी. केंटन रोडची एक बाजू ब्रेंटमध्ये आणि दुसरी हॅरोमध्ये. एजवेअर रोडच्या पलीकडे बार्नेट सुरू होते. पोस्टकोड एचए३ असला म्हणून घर हॅरो कौन्सिलचे असेलच असे नाही. जाहिरातीतले गावाचे नाव सोडून द्या; पूर्ण पोस्टकोड सरकारी संकेतस्थळावर टाकून कौन्सिल पाहा, कारण अर्ज त्याच कौन्सिलकडे करायचा आणि कौन्सिल टॅक्सही (घरपट्टीसारखा स्थानिक कर) तिलाच. दिलासा एवढा, की शाळा हद्दीपलीकडची असली तरी मागता येते. केवळ आपल्या हद्दीतला म्हणून कौन्सिल मुलाला आधी घेऊ शकत नाही, हे १९८९ च्या ग्रिनिच खटल्यातल्या न्यायालयीन निकालापासून ठरलेले आहे.

दुसरा, पूर्वेकडचा इलफर्ड आणि रेडब्रिज. एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला बदलून कॅनरी व्हार्फ, गाडीतला वेळ पहिल्या पर्यायापेक्षा बराच कमी. इथेही दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे. शिवाय रेडब्रिजमध्ये दोन ग्रामर शाळा (परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा) आहेत, मुलांसाठी इलफर्ड काउंटी आणि मुलींसाठी वुडफर्ड काउंटी.

तिसरा, स्लाउ. हे लंडनच्या बाहेर, पण एलिझाबेथ लाइनवर. गाडी बदलावी लागत नाही, तरी तासाभराचा प्रवास रोज दोन वेळा. लोक स्लाउ निवडतात ते मुख्यतः तिथल्या चार ग्रामर शाळांसाठी. एक फरक लक्षात ठेवा: लंडनमध्ये १६ वर्षांखालील मुलांना झिप कार्डवर (मुलांचे प्रवास कार्ड) बस मोफत असते, स्लाउमध्ये ती सोय नाही.

ग्रामर शाळांबद्दल स्पष्टच सांगायला हवे, कारण मराठी पालकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. ग्रामर म्हणजे इलेव्हन-प्लस परीक्षेवर प्रवेश देणारी सरकारी, मोफत शाळा. परीक्षा इयर ६ च्या सप्टेंबरच्या आसपास होते, आणि नावनोंदणी त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, बऱ्याच ठिकाणी मे ते जुलैमध्ये बंद होते. म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत काही ठिकाणची खिडकी बंद झालेली असेल. मुलीला परीक्षा द्यायचीच असेल तर नोंदणी आत्ता, पुण्यातूनच, प्रत्येक शाळेच्या किंवा गटाच्या पानावर स्वतंत्रपणे करा. काही शाळा निव्वळ गुणांवर घेतात, काही आधी ठराविक पोस्टकोडच्या मुलांना. उत्तीर्ण होणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणितात आपली मुले सहज टिकतात. अडखळतात ती व्हर्बल रीझनिंग (शब्दांवर आधारित तर्काचे प्रश्न) आणि इंग्रजी शब्दसंपत्तीत, कारण तिथली मुले त्याचा सराव वर्ष-दोन वर्षे करत असतात. देश बदलल्यावर दोन महिन्यांत दहा वर्षांच्या मुलीवर हे ओझे टाकून, त्याच आशेवर घराचा भाग ठरवणे मला चूक वाटते. परीक्षा द्यावी, पण घर असे निवडावे की ग्रामर हुकली तरी जवळची साधी माध्यमिक शाळा तुम्हाला मनापासून चालेल.

ती साधी शाळा कशी पारखायची? इस्टेट एजंटच्या पाटीवरच्या ‘आउटस्टँडिंग’वर जाऊ नका. शाळांची तपासणी करणारी ऑफस्टेड संस्था सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दाची एकत्रित श्रेणी देतच नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या तपासण्यांत अध्यापन, नेतृत्व, ‘हजेरी व वर्तन’ अशा प्रत्येक क्षेत्राला वेगळा शेरा असतो, पाच पायऱ्यांवर. जुना ‘आउटस्टँडिंग’ तर कधीकधी फारच जुना असतो, कारण २०१२ ते २०२० या काळात त्या शाळांना नियमित तपासणीतून सूट होती. अहवालाची तारीख आधी पाहा, मग मजकूर. प्रोग्रेस ८ हा आकडा उपयोगी आहे: मूल शाळेत आले तेव्हापासून किती पुढे गेले ते तो सांगतो, शून्य म्हणजे सरासरी. पण २०२५ आणि २०२६ च्या निकालांसाठी तो काढलेला नाही, कारण त्या मुलांच्या प्राथमिकच्या परीक्षा कोविडमुळे झाल्याच नव्हत्या. म्हणून २०२४ चा आकडा बघा. आणि दुपारी सव्वातीनला शाळेच्या फाटकाबाहेर दहा मिनिटे उभे राहा. मुले कशी बाहेर पडतात, शिक्षक फाटकावर आहेत का, बस स्टॉपवर काय चालते, हे अहवालात सापडत नाही.

आता आत्ताची जागा. वर्षाच्या मधल्या प्रवेशाला इन-इयर अर्ज म्हणतात. कौन्सिलच्या पानावर फॉर्म असतो. काही अकॅडमी (कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतात अशा सरकारी शाळा) आणि काही धार्मिक शाळा थेट स्वतःकडे अर्ज घेतात. उत्तर शक्यतो १० शालेय दिवसांत, आणि जास्तीत जास्त १५ शालेय दिवसांत मिळाले पाहिजे. इथे ‘शालेय’ हा शब्द महत्त्वाचा. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा बंद होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, मधले दिवस मोजलेच जात नाहीत. २५ जुलैला अर्ज केला तर उत्तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येऊ शकते, आणि तोवर मुले घरी. जुलैच्या पहिल्या आठवड्याआधी भाडेकरार हातात येईल अशी तारीख जुळवा. शेवटचे दोन आठवडे मुले शाळेत बसली तर सप्टेंबर खूप सोपा जातो.

घर पक्के करण्याआधी परिसरातल्या पाच-सहा प्राथमिक शाळांना फोन करा आणि नेमके विचारा: ‘आजच्या इयर ५ आणि रिसेप्शनमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या इयर ६ आणि इयर १ मध्ये, जागा आहे का? नसेल तर वेटिंग लिस्टवर किती मुले आहेत?’ लंडनमध्ये जन्मदर घटल्याने बऱ्याच प्राथमिक शाळांत जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे इथे तुमची बाजू बरी आहे. तरी मुलाच्या वर्गात एक अडचण आहे: रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ मध्ये एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुले घेता येत नाहीत, कायद्यानेच. म्हणून इयर १ भरलेला असेल तर विनंती-अपील यांचा फारसा उपयोग होत नाही. बाहेरून नव्याने आलेल्या आणि जवळपास दुसरीकडे कुठेही जागा नसलेल्या मुलासाठी अपवाद आहे, पण दुसऱ्या शाळेत जागा असेल तर तो लागू होत नाही.

दोघांना वेगवेगळ्या शाळा मिळणे अगदी शक्य आहे. दोन्ही शाळा पावणेनऊला भरणार आणि मधले अंतर दीड किलोमीटर, मग एकाला आधी सोडायला ब्रेकफास्ट क्लब (शाळा भरण्याआधी मुलांना सांभाळण्याची सोय) लागतो. घर निवडताना हे नकाशावर तपासा. मिळालेली जागा ‘आवडीची नाही’ म्हणून नाकारू नका. ती घ्या आणि दुसऱ्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवा. जागा घेतली म्हणून वेटिंग लिस्टवरचे नाव कटत नाही. त्या यादीचा क्रम तारखेवर नसतो, नियमांवर असतो: आज तुमचा तिसरा नंबर असला आणि उद्या शाळेच्या शेजारी राहणारे कुटुंब आले, तर तुमचा चौथा होतो. नकार मिळाला तर अपील करायला किमान २० शालेय दिवस असतात.

घर भाड्याने घेताना १ मे २०२६ पासून नियम बदललेले आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला जपून घ्या. पूर्वी नव्या माणसाचा तिथला क्रेडिट इतिहास नसला की घरमालक सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेत. आता एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे मागता येत नाही. मुले आहेत म्हणून घर नाकारता येत नाही, आणि जाहिरातीतल्या भाड्यावर बोली लावता येत नाही. मुदतीचा करार संपून महिन्यामागून महिना चालणारा करार आला आहे, आणि तुम्ही दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडू शकता. याची दुसरी बाजू अशी, की पैसे पुढे टाकून भरवसा विकत घेण्याचा मार्ग बंद झाला. म्हणून कंपनीकडून पगार, हुद्दा आणि नोकरीचा प्रकार स्पष्ट लिहिलेले पत्र, तीन पगारपत्रके आणि शक्य असेल तर कंपनीचीच हमी निघण्याआधी मागून घ्या. राइट टू रेंट, म्हणजे तिथे घर भाड्याने घेण्याचा तुम्हाला हक्क आहे का, या तपासणीसाठी ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसाची स्थिती घरमालकाला दाखवणारा ऑनलाइन कोड) लागतो.

पैशांचा हिशेब समजा भाडे महिना २,००० पौंड धरून करू. वर्षाचे २४,०००, आठवड्याचे सुमारे ४६१ पौंड. घर रोखायला होल्डिंग डिपॉझिट जास्तीत जास्त एका आठवड्याचे, म्हणजे ४६१. अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांची, सुमारे २,३०७, आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत जमा व्हायलाच हवी. त्यावर पहिल्या महिन्याचे भाडे. एजंटने ‘रेफरन्स फी’ मागितली तर ती बेकायदा आहे. कौन्सिल टॅक्स सहसा भाडेकरूने भरायचा असतो. घराचा बँड, म्हणजे कराचा गट, ए ते एच यांपैकी कुठला ते आधी पाहा, कारण त्याच रस्त्यावरच्या दोन घरांतही फरक असतो. घर पाहताना खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि कपाटांच्या मागे काळी बुरशी शोधा. हिवाळ्यात मुलांचा खोकला तिथून सुरू होतो.

ऑक्टोबरमधल्या अर्जात लंडनची कौन्सिल सहा शाळांपर्यंत पसंती लिहू देते. सहाही लिहा. क्रम शाळांना दिसत नाही. ज्या शाळांत तुम्ही बसता त्यांपैकी तुमची सर्वांत वरची शाळा मिळते, म्हणून खरा क्रम लिहायला घाबरू नका. ‘एकच लिहिली की तीच द्यावी लागेल’ हा समज घातक आहे. ती नाही मिळाली तर उरलेल्यांतली कुठलीही, कदाचित बसने तासभर लांबची शाळा मिळते. सहांपैकी एक तरी अशी हवी, जिच्या अंतराच्या वर्तुळात तुमचे घर आरामात बसते. आणि शाळेसाठी तात्पुरता पत्ता दाखवून दुसरीकडे राहू नका. कौन्सिल टॅक्स आणि इतर नोंदी तपासून दिलेली जागा काढून घेतली जाते.

सत्र चालू असताना भारतात लग्नाला किंवा गणपतीला जायचा बेत असेल तर तोही आधीच ठरवा. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी पाच दिवस गैरहजेरी झाली की दंडाची वेळ येते: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे १६० पौंड, २१ दिवसांत भरल्यास ८०. दोन पालक आणि दोन मुले म्हणजे चार दंड. दिवाळीच्या एका दिवसाची धार्मिक रजा शाळा लेखी विनंतीवर देऊ शकते.

निघताना दोघांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके जवळच्या बॅगेत ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला इंग्लंडमध्ये कुणी मागणार नाही, तरी तो काढूनच निघा. परत यायची वेळ आली तर पुण्यातली शाळा तो मागेल, आणि लंडनहून तो मिळवणे अवघड जाते.